दुपदरी फडक्याचा मागोवा

इंदूरच्या रेसिडेन्सीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डी. एफ. कीगन नावाचे सर्जन होते. कापलेली नाकं पुन्हा घडवणारा डॉक्टर म्हणून त्यांचं नाव दूरवर झालं होतं. सूडापोटी, संशयापोटी नाक कापण्याचे प्रकार त्या काळी घडत, आणि त्याला बळी पडणाऱ्यांत बायका पुष्कळ असत. कपाळावरची कातडी खाली वळवून नाक तयार करायची आपल्याकडची जुनी रीत कीगननी हाताखालून घातली, तिच्यात सुधारणा केल्या आणि १९०० साली त्यावर पुस्तक काढलं. १८७८ मध्ये इंदुरात मेडिकल स्कूलही निघालं. तिथं शिकलेले तरुण हॉस्पिटल असिस्टंट होऊन मध्य भारतातल्या संस्थानांच्या लहानसहान दवाखान्यांत जात. पुढे शाळेला किंग एडवर्डचं नाव लागलं आणि १९४८ मध्ये महात्मा गांधी मेडिकल कॉलेज सुरू झालं. माळवा, निमाड आणि पश्चिमेचा भिल्लांचा डोंगराळ मुलूख, या सगळ्याचं दुखणं शेवटी इंदूरला यायचं. अजूनही येतं. ‘एमवाय’च्या आवारात, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात, झाबुआ, अलीराजपूर, बडवानीहून आलेली माणसं भाकरीचं गाठोडं उशाला घेऊन बसलेली आम्ही इंदूरकर लहानपणापासून पाहत आलो आहोत.

एक दुखणं मात्र इंदूरला यायचंच नाही, कारण ते झालेल्या माणसाला चालता येत नसे. ते म्हणजे नारू.

दुर्गम भागातल्या वैद्यकाबद्दल बोलताना आपण बहुतेकदा डॉक्टरबद्दल बोलतो. तो किती कोस चालला, नदी कशी पार केली, कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया कशी केली. त्या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण झाबुआच्या नारूचा मागोवा घेत गेलं की शेवटी हाताला लागतं ते डॉक्टरचं नाव नव्हे. हाताला लागतं कापड. घागरीच्या तोंडावर बांधलेलं, दोन पदरी, साधं सुती फडकं. नारूवर तेव्हा औषध नव्हतं, लस नव्हती, आणि आजही नाही. तरीही तो भारतातून गेला. ते फडकं तिथवर कसं पोचलं, कोणाच्या हातांतून पोचलं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी आजार नीट पाहायला हवा, कारण तो पाहिलेली पिढी आता म्हातारी झाली आहे. घोट्याजवळ किंवा पोटरीवर आधी खाज सुटते, मग जळजळता फोड येतो. आग इतकी, की माणूस पाय पाण्यात बुडवल्याशिवाय राहत नाही. पाण्याचा गारवा लागला की फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या सुतासारखं टोक डोकावतं. ती नारूची मादी. लांबी दोन ते तीन फूट, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. पाय पाण्यात असतानाच ती लाखो अळ्या सोडते आणि पाणी किंचित दुधाळ होतं. त्यानंतरचं काम सावकाशीचं. टोक अलगद धरून बारीक काडीला गुंडाळायचं, रोज बोटभर, कधी त्याहूनही कमी ओढायचं, आणि काडी तशीच पायाला बांधून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वेढा. घाई केली आणि जंत आत तुटला, तर पाय भोपळ्यासारखा सुजतो, पू होतो, सांधा कायमचा आखडू शकतो. हे आठवडे दोन आठवडे चालतं, कधी महिनाभर. आणि नारू बहुधा एकटा येत नसे. एकाच माणसाच्या अंगातून दोन-चार निघालेले असत.

आता याला काळाची जोड द्या. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, तळाशी उरलेल्या पाण्यात गर्दी होते, आणि तेच पाणी प्यावं लागतं. पोटात गेलेली अळी वाढून बाहेर पडायला साधारण वर्ष घेते. म्हणजे पुन्हा उन्हाळाच, किंवा पेरणीचा तोंडावर आलेला पाऊस. ऐन नांगरटीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस खाटेवर, पायाला काडी बांधलेली. सावकाराचं कर्ज, पडीक राहिलेलं रान, शाळा सोडून गुरांमागे गेलेलं पोर, हे सगळं त्या काडीला गुंडाळलेलं असे. नारूनं माणूस क्वचितच मरतो. म्हणून सरकारदरबारी त्याची नोंदही फार होत नसे.

काडी फार जुनी आहे. इजिप्तमधल्या एका किशोरवयीन मुलीच्या ममीत चुन्यासारखा घट्ट झालेला नारू सापडला आहे. मदिनेच्या वाटेवरच्या यात्रेकरूंमध्ये तो इतका होता, की शास्त्रीय नावातही मदिना येऊन बसलं. आपल्या भावप्रकाशात तो स्नायुक रोग म्हणून येतो. माळव्यात आणि दख्खनेत नारू काढणारी जाणती माणसं असत. दह्यातून हिंग खायला देणं, धोत्र्याची पानं गरम करून बांधणं हे उपाय घरोघरी ठाऊक होते. त्यानं ठणका कमी होत असेल. पण काडी काय, हिंग काय, जंत बाहेर आल्यानंतरचे. तो अंगात शिरतो कुठून, हे कळेपर्यंत पुढचं पाऊल पडणार नव्हतं.

आणि ते कळायला फार वेळ लागला. मुंबई इलाख्यातल्या पलटणींमध्ये नारूनं शिपाई लंगडे होत, त्यामुळे लष्करी डॉक्टरांत यावर वर्षानुवर्षं वाद चालला. तो कातडीतून शिरतो, असं मानणारा पक्ष बळकट होता. त्यांचा पुरावा म्हणजे भिस्ती. पखाल जिथं टेकते तिथं, पाठीवर आणि खांद्यावर, भिस्त्यांना नारू निघत असे. पुरावा डोळ्यांसमोर होता, पण अर्थ उलटा लावला जात होता. जंत तिथून आत शिरत नव्हता. मादी ओल्या, गार जागेकडे जाऊन तिथून बाहेर पडत होती. वैद्यकाच्या इतिहासात अशी नेमकी निरीक्षणं आणि चुकीचे निष्कर्ष पुष्कळ आहेत, पण भिस्त्याची पाठ मला त्यांतलं सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं. त्या माणसाला हेच विचारायचं राहून गेलं, की बाबा, तू पाणी कुठलं पितोस?

उत्तर आलं समरकंदहून. अलेक्सेई फेदचेंको हा रशियन तरुण तुर्कस्तानात हिंडत असताना १८६९–७० मध्ये त्याला दिसलं, की नारूच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स या सूक्ष्म प्राण्याच्या पोटात जाऊन वाढतात. सायक्लॉप्स म्हणजे जेमतेम मिलिमीटरभराचा, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला जीव. पेला उजेडात धरला तर झटके देत पोहणारा ठिपका म्हणून दिसतो. फेदचेंको १८७३ मध्ये माँ ब्लाँच्या हिमनदीवर गारठून गेला, वय २९. त्याचा शोध बरीच वर्षं लोक मानायला तयार नव्हते. १९०५ नंतर रॉबर्ट लायपर यांनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवर काम करताना जठरात असतं तसं सौम्य आम्ल सायक्लॉप्सवर टाकून पाहिलं. सायक्लॉप्स मेला आणि त्याच्या पोटातली अळी जागी होऊन वळवळू लागली. पुढे लायपर यांनी माकडाला असे सायक्लॉप्स खाऊ घातले आणि काही महिन्यांनी त्याच्या शरीरात नारू सापडले.

माणसाचा पुरावा मात्र मुंबईत मिळाला. परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, ज्ञानेश्वर आत्माराम तुर्खुड काम करत. १९१३ च्या सुमारास त्यांनी स्वेच्छेनं तयार झालेल्या माणसांना अळ्या असलेले सायक्लॉप्स पाण्यातून दिले आणि त्यांना नारू झाला. आज असा प्रयोग कोणी मंजूर करणार नाही, आणि करूही नये. पण ज्यांनी वर्षभर वाट पाहून आपल्या पायातून तो जंत निघू दिला, त्यांचं ऋण झाबुआपासून घानापर्यंत अनेक गावांवर आहे. तुर्खुडांचं नाव जगातल्या परजीवीशास्त्राच्या इतिहासात सन्मानानं येतं. मराठी वाचकाला ते सहसा ठाऊक नसतं, याची मला खंत वाटते.

दख्खनेत पुढचं एक काम रेल्वेच्या डॉक्टरनं केलं. बार्शी लाइट रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी क्नुट लिंडबर्ग हे मूळचे स्वीडनचे. कुर्डुवाडीला राहून आसपासच्या गावांतला नारू आणि तिथल्या विहिरींतले सायक्लॉप्स ते बघत राहिले, आणि त्यातून सायक्लॉप्सच्या जातींचे जाणकार झाले. दवाखान्याच्या वेळेनंतर बाटली घेऊन बारवेत उतरणारा डॉक्टर ही मला दुर्गम वैद्यकाची फार खरी प्रतिमा वाटते. रोग्याच्या पायापेक्षा गावाच्या पाण्याकडे त्याची नजर गेली.

ही बारव, आमच्याकडची बावडी, या कहाणीतलं दुखरं पान आहे. पाणी दान करणं हे आपल्याकडे मोठं पुण्य. अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, विहिरी आणि बारवा बांधल्या, त्या वाटसरूला पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून. दोर नाही, पोहरा नाही अशा गरिबालाही ओंजळभर पाणी मिळावं, हा त्या पायऱ्यांमागचा जिव्हाळा. आणि त्याच पायऱ्यांवरून नारूचा फोड आलेला पाय पाण्यात उतरे. शेवटच्या पायरीवर उभं राहून घागर भरताना पाणी घोट्यापर्यंत येई, जळजळ थांबे, आणि अळ्या सगळ्या गावाच्या पाण्यात पसरत. झाबुआच्या डोंगरात बावड्या कमी. तिथं नाले, तळी आणि खड्ड्यांत साचलेलं पाणी हेच पाणवठे. गोष्ट तीच. यात दोष बांधणाऱ्यांचा नव्हता आणि पाय बुडवणाऱ्याचाही नव्हता. नारू अशाच जागी टिकतो, जिथं पिण्याचं पाणी आणि पाय बुडवायचं पाणी एकच असतं.

सायक्लॉप्स डोळ्यांना दिसतो, म्हणजे तो कापडात अडकतो. एवढं कळल्यावर उपाय समोरच होता, आणि तो माळव्यातल्या घरांत फार पूर्वीपासून टांगलेलाही होता. संन्याशानं वस्त्रानं गाळलेलं पाणी प्यावं, असं मनुस्मृती सांगते. जैन घरांत पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही, आणि इंदूर, उज्जैन, रतलाम या भागात जैन वस्ती मोठी. त्यांच्याकडे गाळून झाल्यावर कापड उलटं करून, वरून पाणी ओतून, त्यातले जीव परत त्याच विहिरीत सोडायची रीत आहे. तिला जिवाणी म्हणतात. पाण्यातल्या जिवालाही इजा होऊ नये, हा त्यामागचा भाव. नारूच्या अंगानं पाहिलं तर पिणारा वाचतो आणि सायक्लॉप्स विहिरीत सुखरूप राहतो. आमच्या मराठी घरांतही माठावर फडकं असायचं. माझ्या आजीचं जुन्या लुगड्याचं होतं, चौघडी करून बांधलेलं. तिला नारू ठाऊक होता, सायक्लॉप्स नव्हता.

मग कापड घरात असताना माळव्यात नारू राहिला कसा? कारण कापड घरात होतं आणि तहान रानात लागायची. गाळून पिणं हा काही घरांचा आचार होता, सगळ्या गावाची सवय नव्हती. मजूर, गुराखी, वाटसरू थेट ओंजळीनं प्यायचे. आणि डोंगरातल्या भिल्ल वस्तीवर अंगाला पुरेसं कापड नाही, तिथं घागरीला कुठून येणार? शिवाय कापडाला दोन बाजू असतात. आज सायक्लॉप्स वरच्या बाजूला अडकले, उद्या तेच फडकं उलटं बांधलं, की कालचे सगळे थेट घागरीत. म्हणून गाळायची बाजू कायम तीच राहायला हवी, तिला खूण हवी, आणि धुतलेलं पाणी विहिरीपासून दूर, कोरड्या जमिनीवर टाकायला हवं. सायक्लॉप्स वाळला की संपला. सांगायला एका वाक्याचं काम. पण शेकडो पाड्यांवर, रोजच्या रोज, प्रत्येक घागरीला ते व्हायचं तर दवाखान्यात बसून होणार नव्हतं.

ज्या कामाला डॉक्टर पुरत नाही, ते गावातल्या माणसाच्या, बहुधा बाईच्या हाती द्यावं लागतं, ही समज इंदूरच्या भागात हळूहळू आली. १८८० च्या दशकात कॅनडाच्या मिशनच्या एलिझाबेथ बीटी आणि मॅरियन ऑलिव्हर या डॉक्टर बायका इंदुरात आल्या, कारण पुरुष डॉक्टरला घरातल्या बाईची नाडीही बघू देत नसत. १८९१ मध्ये त्यांचं बायकांचं रुग्णालय उघडलं. त्याच मिशनचे डॉ. जॉन ब्युकॅनन शतक संपता संपता अलीराजपूरच्या जंगलात आमखुटला भिल्लांमध्ये जाऊन राहिले. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल मतभेद असू शकतात, मलाही आहेत. पण दवाखाना माणसांच्या दारात न्यायचा, आणि बाईपर्यंत पोचायला बाईच लागते, हे या भागात त्यांनी कृतीनं दाखवलं.

नारूवर थेट हल्ला सुरू झाला तो १९८३–८४ मध्ये. देवी नुकत्याच हटल्या होत्या, आणि त्या मोहिमेत तावूनसुलाखून निघालेली माणसं राष्ट्रीय संचारी रोग संस्थेत होती. आता त्यांनी नारू हाती घेतला. देशव्यापी नारू निर्मूलन कार्यक्रम आखणारा भारत हा पहिला देश. १९८४ च्या मोजणीत सुमारे ४० हजार रुग्ण निघाले, १२,८४० गावांत, ८९ जिल्ह्यांत. त्यांत महाराष्ट्र होता, मध्य प्रदेश होता, आणि मध्य प्रदेशात झाबुआ होता. पद्धत देवीच्या मोहिमेतली: दारोदार जायचं, रोग्याची वाट न बघता रोगी शोधायचा. मिळाला की त्याचा फोड बांधायचा, त्याला पाणवठ्यात पाय घालू द्यायचा नाही, आणि गावाचं पाणी सांभाळायचं. पाण्यात टेमेफॉस हे औषध मोजून, दहा लाख भागांत एक भाग इतकंच टाकायचं. त्यानं सायक्लॉप्स मरतो आणि माणसाला अपाय होत नाही. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्या वरून शेंदायच्या करायच्या. जमेल तिथं हातपंप बसवायचे. आणि फडकं.

या हातपंपाच्या वंशवृक्षाचं मूळ आपल्या मराठी मुलखात आहे, हे इथं सांगायलाच हवं. साठच्या दशकातल्या दुष्काळांनंतर कातळात बोअर घेणारी यंत्रं आली, पण वर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप महिन्या-दोन महिन्यांत मोडत. ते एका घरासाठी बनवलेले. इथं सगळं गाव दिवसभर दांडा मारायचं. जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी पंपाचे प्रयोग झाले. सोलापूरला स्वीडिश मिशनरी ऑस्कर कार्लसन यांनी दांड्याला साखळी जोडली, त्यामुळे दांडा कसाही हलला तरी आतली सळई सरळ वरखाली होऊ लागली आणि झिजणं कमी झालं. याच सोलापूर पंपावरून युनिसेफनं सत्तरच्या दशकात इंडिया मार्क २ घडवला. रिचर्डसन अँड क्रुडास या कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू झालं आणि पुढे तो आफ्रिकेपर्यंत गेला. हातपंपाच्या पाण्यात नारू झालेला पाय जाऊच शकत नाही.

पण झाबुआत पाड्यापाड्यावर पंप बसेपर्यंतची वर्षं कापडावरच निभवायची होती. इथं इंदूरच्या एका संस्थेनं जे केलं, ते मला या सगळ्या मागोव्याचं काळीज वाटतं. १९८५ मध्ये बहाई समाजाच्या कार्यकर्त्यांनी इंदुरात ग्रामीण आणि आदिवासी मुलींसाठी निवासी प्रशिक्षण सुरू केलं. आज ती बारली विकास संस्था म्हणून ओळखली जाते. जनक पलटा मॅकगिलिगन यांनी ती दीर्घकाळ चालवली. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. झाबुआच्या पाड्यांवरच्या मुली इथं येऊन राहत, अक्षरं शिकत, शिवण शिकत, आरोग्याचं शिकत आणि परत जात. पाणी भरणं हे घरातलं त्यांचंच काम. त्यामुळे पाणी का गाळायचं आणि कसं गाळायचं, हे ज्या हातांनी करायचं त्याच हातांपर्यंत पोचलं, आणि सांगणारी होती आपल्याच पाड्यावरची, आपलीच भिली बोलणारी पोर. झाबुआतल्या ३०२ गावांमधून नारू हटवण्यात या कामाचा वाटा मोठा होता. त्यासाठी १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं संस्थेला ‘ग्लोबल ५००’ सन्मान दिला.

कीगनच्या काळी इंदूरच्या मेडिकल स्कूलमधून बाहेर पडणारा हॉस्पिटल असिस्टंट पेटी घेऊन संस्थानच्या दवाखान्यात जाई आणि रोगी येण्याची वाट बघे. शंभर वर्षांनी त्याच शहरातून एक अठरा-वीस वर्षांची मुलगी शिवणाचं कसब आणि फडक्याची रीत घेऊन आपल्या पाड्यावर गेली. माझ्या लेखी दोघंही एकाच परंपरेतले आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’मध्ये जे उभं केलं, तेही याच वाटेवरचं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे का, हे गावातलीच प्रशिक्षित बाई लक्षणांवरून ओळखू शकते आणि औषध देऊ शकते, हे त्यांनी सिद्ध केलं. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, तेव्हा तज्ज्ञांनी आधी शंका घेतली आणि मग धोरणं बदलली. आज आशाताई बाळ बघायला घरी येते, ती त्यातूनच.

या मोहिमेत डॉक्टर बिनकामाचा झाला असं कोणी म्हणू नये. त्याचं काम बदललं. गाव कुठलं राहिलं, कोणत्या पाणवठ्यात औषध टाकलं गेलं नाही, अफवेतला रुग्ण खरा की खोटा, हे बघणं त्याच्याकडे आलं. शेवटी शेवटी तर नारू सापडल्याची खबर आणणाऱ्याला बक्षीस होतं आणि प्रत्येक खबर जागेवर जाऊन तपासली जाई. १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला. त्यानंतर तीन वर्षं एकही नाही. मग फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. जगात १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये १५. सुदानमधल्या भटक्या गुराख्यांना कापडाऐवजी गळ्यात अडकवायची नळी दिली गेली, तिच्या आत जाळी बसवलेली. रानातल्या तहानेचं उत्तर अखेर त्या नळीनं दिलं. चाडमध्ये आता कुत्र्यांतही नारू सापडतो आहे, त्यामुळे शेवटचं अंतर सगळ्यांत अवघड झालं आहे.

फडक्याचं काम नारूबरोबर संपलं नाही. पटकीचे जंतू पाण्यात सायक्लॉप्सच्याच भाऊबंदांना चिकटून राहतात, हे रीटा कॉलवेल यांच्या लक्षात आलं. मग बांगलादेशात मतलबच्या ६५ गावांच्या अभ्यासात त्यांच्या गटानं काही गावांतल्या बायकांना जुन्या सुती साडीचं कापड चार पदरी करून पाणी गाळायला शिकवलं. २००३ मध्ये निकाल आला: त्या गावांत पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. जुनी साडी नव्या साडीपेक्षा सरस ठरली, कारण वारंवार धुतल्यानं सूत फुलतं आणि विणीतली छिद्रं बारीक होतात. पाच वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हा ३१ टक्के बायका अजूनही पाणी गाळत होत्या, कोणी मागे लागलेलं नसताना.

झाबुआत मात्र पुढे दुसरंच संकट उभं राहिलं. ज्या हातपंपांनी नारूची वाट बंद केली, त्यांतल्या अनेकांच्या पाण्यात खोल कातळातलं फ्लोराइड निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅमची. झाबुआ, धार, अलीराजपूरमध्ये पुष्कळ ठिकाणी पाणी तिच्यापुढे गेलेलं. मुलांचे दात पिवळट-तपकिरी होतात, पाय वाकतात, मोठ्यांचे सांधे आणि पाठीचा कणा ताठरतो, आणि हाडं एकदा अशी झाली की परत सरळ होत नाहीत. नारूचा माणूस महिन्याभरानं उठून शेतावर जायचा. फ्लोराइडचा माणूस नाही. आणि पाण्यात विरघळलेलं काही कापडात अडकत नाही, मग ते चार पदरी असो की आठ. त्यामुळे आता पंपाचं पाणी तपासून वाईट पंप ओळखणं, ॲल्युमिनाचे गाळणी-संच बसवणं, मुलांना दूध, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व मिळेल असं बघणं, हे काम या भागात चाललं आहे. आणखी एक उपाय बऱ्याच पाड्यांवर सुचवला जातो. उथळ विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड बहुधा कमी असतं. म्हणून जुनी उघडी विहीर साफ करायची, तिला कठडा आणि झाकण करायचं, पाण्यात क्लोरिन टाकायचं, आणि पिण्यापुरतं पाणी पुन्हा तिथूनच शेंदायचं. ते गाळूनच घ्यावं लागतं.